बांध कोरणारा आपला असला तरी

आमच्या खानापूर पट्ट्यात भातखाचरांच्या बांधावरून होणारी भांडणं ज्यानं जवळून पाहिली आहेत, त्याला मी पुढे काय म्हणणार आहे ते लवकर उमगेल. बांध कुणी एका रात्रीत फोडत नाही. फोडला तर सकाळी गाव गोळा होतं, पंच येतात, फोडणाऱ्याला मान खाली घालावी लागते. बांध कोरला जातो. नांगरट करताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घ्यायचं. चिखलणीच्या वेळी कुदळीचे चार घाव जास्त घालायचे. विचारायला गेलं तर उत्तर तयार असतं, "पावसानं ढासळला असंल की ओ." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दहा वर्षांनी हातभर जमीन पलीकडे गेलेली असते, आणि दरवर्षी तक्रार करून करून भांडखोर म्हणून नाव मात्र तुमचं झालेलं असतं.

कुणालाही लिहिता येणाऱ्या मुक्त ज्ञानकोशात, म्हणजे विकिपीडियावर, मी गेली काही वर्षं लिहितो. तिथले चिवट उपद्रवी संपादक असेच बांध कोरतात. अशा माणसाला वेळेवर ओळखावं, लवकर थांबवावं, जे करायचं ते उघडपणे आणि राग न धरता करावं, असं माझं म्हणणं आहे. बेळगाव सीमाभागातल्या मराठी माणसानं तर यात पुढाकार घ्यायला हवा, आणि सुरुवात आपल्या बाजूच्या उपद्रव्यापासून करायला हवी. हे शेवटचं वाक्य उघडपणे म्हणायला मला बराच काळ लागला. का लागला ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात दहा-बारा मुलांना बसवून मी एक काम सुरू केलं. प्रत्येकानं आपल्या गावाचं पान ज्ञानकोशात नीट लिहायचं. बहुतेक पानं दोन ओळींची होती, अमुक गाव अमुक तालुक्यात आहे, संपलं. त्या मुलांत एक मुलगी होती, बारावीतली. तिनं गावच्या तळ्यावर परिच्छेद लिहिला. पाणी कुठल्या ओढ्यातून येतं, कोणत्या महिन्यात आटतं, सांडवा कुठं आहे, काठावरच्या देवळाची जत्रा कधी भरते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे, १८८४ सालचा. त्यातली आसपासच्या मुलखाची नोंद तिनं शोधून काढली आणि संदर्भ म्हणून दिली. शिलालेखांच्या एका जुन्या छापील अहवालात तिला गावाचं नाव सापडलं, तेव्हा ती वाचनालयात उड्या मारायची बाकी राहिली होती. परिच्छेदाच्या शेवटी तिनं लिहिलं, देवळाशेजारी जुना कन्नड शिलालेख आहे.

त्या एका वाक्यापायी चार महिने गेले.

पहिल्यांदा ते निनावी कुणीतरी काढलं. तिनं परत घातलं. मग एक नोंदणी केलेलं खातं आलं. त्यानं वाक्य काढून त्या जागी गाव मूळचं मराठीच कसं आहे यावर आठ ओळी घातल्या, एकाही संदर्भाविना. तिनं चर्चापानावर विचारलं. त्यानं उलट तिच्याकडेच संदर्भ मागितला. तिनं अहवालाचं नाव आणि पान दिलं, तर वाचणाऱ्यानं लिपी ओळखण्यात चूक केली असेल म्हणाला. तिनं शिलालेखाचा फोटो चढवला, तर स्वतःचं संशोधन इथं चालत नाही, नियम वाचा म्हणाला, आणि नियमाचं नावही अगदी बरोबर दिलं. तिनं गॅझेटियर दाखवलं, तर इंग्रजांच्या लिखाणावर किती विसंबायचं. भाषा दर वेळी सभ्य, एकही शिवी नाही. तिची एका उत्तरामागे एक संध्याकाळ जायची, त्याला वाक्य काढायला एक टिचकी पुरायची. त्या खात्याला ताकीद मिळाली तेव्हा दुसरं खातं उगवलं. तीच लकब, शुद्धलेखनाच्या त्याच चुका, तोच मुद्दा.

एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "सर, मी खोटं लिहिलंय काय?"

"नाही गं."

"मग तुम्ही तिथं काहीच का बोलत नाही?"

मी बोललो नव्हतो, कारण तो माणूस आमच्या बाजूचा होता. मला वाटायचं, अतिरेक करतोय हे कबूल, तरी तळमळ आपलीच आहे, आणि उद्या पलीकडून कुणी मराठी नाव पुसायला आलं तर हाच आडवा येईल. ज्या भागात दुकानाच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत अक्षर कुठलं आणि केवढं यावर माणसं आयुष्यभर झगडली, तिथं वाढलेल्या माणसाच्या मनात हा हिशेब आपोआप होतो. त्या मुलीनं लिहिणं सोडलं. तिच्यामागोमाग आणखी तिघं गेली. तो राहिला. ती माझी चूक होती आणि ती मला अजून सलते.

इथं एक फरक करायला हवा. मराठी विकिपीडियावर 'उत्पात' हा शब्द रुळला आहे. शाळकरी मुलगा एखाद्या पानावर मित्राचं नाव टाकतो, कुणी शिवी लिहितो, कुणी अख्खं पान कोरं करतो. हा उत्पात. 'अलीकडील बदल' पाहत बसलेला एखादा जागरूक सदस्य तो उलटवतो, मोठ्या विकिपीडियांवर तर बरंचसं काम सांगकामे, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रामच, करून टाकतात. याचा मला कधी त्रास वाटला नाही. नवा माणूस धडपडणारच, त्याच्या हेतूवर शंका घेऊ नका, नवख्यावर वसकन अंगावर जाऊ नका, हा तिथला जुना दंडक आहे आणि तो पाळलाच पाहिजे. त्या शाळकरी पोरांतूनच उद्याचे संपादक निघतात.

दुसरा माणूस असतो तो मनापासून चुकणारा. २०२० साली स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचा मोठा बोभाटा झाला. ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानं अगदी कोवळ्या वयापासून तिथं हजारो लेख तयार केले होते, इंग्रजी वाक्यात शब्दकोशातले स्कॉट्स शब्द बसवून. त्या भाषेचं त्यात जे नुकसान झालं ते ठरवून कुणाला करता आलं नसतं. पण चूक उघडी पडल्यावर त्यानं ती नाकारली नाही. लोक मात्र त्याच्यावर तुटून पडले, आणि ते मला पटत नाही. चूक किती मोठी, यावरून माणूस उपद्रवी ठरत नाही. सांगितल्यावर तो काय करतो, यावरून ठरतो.

ही कसोटी मला सर्वांत खरी वाटते. चिवट उपद्रव्याला सांगितलं की तो ऐकतो, मान डोलावतो आणि तेच दुसऱ्या वाटेनं करतो. त्याला नियम पाठ असतात. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही, असा इंग्रजी विकिपीडियाचा नियम आहे. चिवट माणूस तीनदा उलटवतो आणि झोपतो, सकाळी उठून पुन्हा तीनदा. प्रत्येक कृती सुटी पाहिली तर तिच्यात शिक्षा करण्यासारखं काही सापडत नाही. बांधाचंही तसंच आहे, एका वर्षाचं कोरणं दाखवता येत नाही. फरक एवढाच की ज्ञानकोशातल्या पानाचा इतिहास जपलेला असतो. कोणी, कधी, कोणतं अक्षर बदललं ते सगळं तारीखवेळेसह तिथं पडलेलं असतं. सहा महिन्यांचा इतिहास एकदम उघडून बसलं की नांगराचं तास दर वेळी कुठल्या बाजूला वळतं ते दिसतंच. म्हणून निवाडा करणाऱ्यानं शेवटचा बदल पाहून निकाल देऊ नये, अख्खं वर्ष पाहावं. आमच्याकडचे जुने पंच असंच करायचे. कालच्या भांडणाआधी ते दोघांना विचारायचे, ह्याच्या आधी कितीदा झालं?

अनेक खात्यांचा प्रश्नही इथंच येतो. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियानं एका फटक्यात ३८१ खाती बंद केली. आपसात जोडलेली ही खाती पैशासाठी लेख लिहीत आणि वर त्या लेखांच्या राखणीचे पैसे मागत. आमच्या गावच्या पानावरचा माणूस पैशासाठी काही करत नव्हता, पण रीत तीच होती. एक तोंड बंद झालं की दुसरं उघडायचं आणि दोन तोंडांनी एकमेकांना 'सहमत' म्हणायचं. खात्यांमागचा तांत्रिक तपशील पाहण्याचा अधिकार फार थोड्या लोकांना असतो, आणि तो तसाच थोड्यांकडे राहावा. ज्या विकिपीडियावर स्वतःचे तपासनीस नाहीत, तिथली विनंती सगळ्या भाषांच्या सामायिक मेटा-विकीवर प्रतिपालकांकडे, म्हणजे सर्व विकिपीडियांवर अधिकार असलेल्या सदस्यांकडे, न्यावी लागते. वाट लांबची आहे, पण आहे. छोट्या भाषांतले लोक ती चोखाळत नाहीत, कारण घरचं भांडण बाहेर कशाला न्या.

आता उपायाकडे येतो. माझं अनेकांशी इथंच पटत नाही.

भांडण वाढलं की पानालाच कुलूप घालायचं, ही सवय आहे. पान सुरक्षित केलं की नवी खाती तिथं लिहू शकत नाहीत. चार दिवसांसाठी हे ठीक. पण महिनोन् महिने कुलूप राहिलं तर त्याची झळ कुणाला लागते? त्या बारावीतल्या मुलीसारख्या नव्या लिहिणाऱ्याला. चिवट माणसाचं खातं जुनं असतं, त्याच्यासाठी कुलूप उघडंच. एका माणसाला ठरावीक पानापुरतं थांबवण्याची सोय २०१९ च्या सुमारास आली. बाकी ज्ञानकोशात त्यानं खुशाल लिहावं, फक्त या पानाला हात लावू नये. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो आणि तो फार कमी वापरला जातो. आठ दिवस, मग महिना, मग वर्ष, अशी चढती मुदत असावी आणि कारण दोन साध्या ओळींत लिहिलेलं असावं. प्रतिबंध हा पान वाचवण्यासाठी असतो, माणसाला धडा शिकवण्यासाठी नसतो, हे विकिपीडियाच्या धोरणातच आहे. ते मनापासून मानलं की भाषेतला कडवटपणा आपोआप जातो.

कुलूप घालण्याच्या सवयीचं टोक पाहायचं असेल तर इंग्रजी विकिपीडियावरचे भारतीय गावांचे लेख उघडावेत. गावाचं नाव कोणत्या लिपीत आधी लिहायचं यावरून तिथं इतकी झोंबाझोंबी चालायची की २०१२ साली चर्चा होऊन भारतविषयक लेखांच्या प्रस्तावनेतून भारतीय लिप्याच काढून टाकायचं ठरलं. भांडण मिटलं हे खरं. पण बेळगावचा विचार करा. ज्या शहराचं नाव दोन लिप्यांत लिहिलं जातं हीच ज्याच्याविषयी सांगायची पहिली गोष्ट आहे, त्याच्या लेखाच्या माथ्यावर दोन्हींपैकी एकही लिपी नाही. मूठभर हट्टी लोकांना आवरता आलं नाही म्हणून सगळ्या वाचकांची वस्तू काढून घेतली गेली. त्या संपादकांचा थकवा मी समजू शकतो, हजारो पानं राखताना माणूस असा निर्णय घेतो. तरीही मी तो तोडगा मानत नाही. दोन भावांच्या भांडणात विहीरच बुजवावी, तसं ते आहे.

दुसरा मार्ग लोक सुचवतात तो पोलिसांचा. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या विकिपीडिया लेखावरून महाराष्ट्राच्या सायबर विभागानं काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्या लेखातला मजकूर अनेकांना झोंबला होता, भावना खरी होती. पण एखादं वाक्य चुकीचं आहे की संदर्भाला धरून आहे, हे फौजदाराच्या टेबलावर कसं ठरणार? गुन्हा दाखल करणाऱ्याला चिवट उपद्रवी आणि काळजीपूर्वक लिहिणारा यांतला फरक दिसत नाही, त्याला फक्त खात्याचं नाव दिसतं. सीमाभागातल्या लोकांना हे शिकवायला नको. १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या निषेधफेरीत चाललो म्हणून खटले अंगावर घेतलेली माणसं आमच्या गल्ल्यागल्ल्यांत आहेत. ज्यांनी हे सोसलं त्यांनी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कारणानं, लिहिणाऱ्यावर पोलीस गेले की टाळ्या वाजवू नयेत. आणि संपादकांनी आपलं घर वेळेवर झाडलं नाही, तर झाडू घेऊन सरकार येणार, हेही विसरू नये.

खरं नाव आणि ओळखपत्र घेतल्याशिवाय कुणाला लिहूच देऊ नये, असंही काही भली माणसं म्हणतात. उपद्रव कमी होईल, यात शंका नाही. पण मग सीमाप्रश्नावर कोण लिहील? कर्नाटक सरकारच्या शाळेत शिकवणारा मराठी मास्तर स्वतःच्या नावानं सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या लेखाला हात लावेल काय? आणि कोल्हापुरात दुकान असलेला कन्नड माणूस आपल्या नावानं लिहील काय? दोघंही गप्प बसतील आणि गमावण्यासारखं काही नसलेले तेवढे उरतील. टोपणनाव राहू द्यावं. नावामागचा माणूस कोण याची चौकशी नको, त्या नावानं काय केलं ते पुरेसं आहे.

निवाडा करणाऱ्यांवरही नजर हवीच. क्रोएशियन विकिपीडियावर एका गटानं प्रचालकपदं, म्हणजे प्रतिबंध घालण्याचे अधिकार, हाती घेतली आणि वर्षानुवर्षं इतिहास आपल्या राष्ट्रवादी रंगात रंगवला. विरोध करणाऱ्यांनाच 'उपद्रवी' ठरवून बाहेर काढलं. २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं त्यावर अहवाल काढला. म्हणजे ज्या हत्यारानं उपद्रव्याला आवरायचं, तेच हत्यार उपद्रव्याच्या हाती गेलं. लहान भाषांना हा धोका जास्त, कारण काम करणारे हात मोजके. मराठी आणि कन्नड ही दोन्ही विकिपीडिया २००३ साली सुरू झाली, दोन्ही भाषा कोट्यवधी लोकांच्या, तरीही नियमितपणे लिहिणारे आणि राखण करणारे दोन्हीकडे थोडेच. म्हणून प्रत्येक प्रतिबंधाचं कारण उघड्यावर लिहिलेलं असावं, चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चापानावर, त्याची चर्चा करता यावी आणि अपील ऐकणारा माणूस प्रतिबंध घालणाऱ्याहून वेगळा असावा.

आता सर्वांत अवघड आक्षेप. माझ्या जवळच्या माणसांनीच तो घेतला आहे. ते म्हणतात, तुम्ही ज्याला उपद्रव म्हणता तो आमचा प्रतिकार आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं. आम्ही मोर्चे काढले, निवडणुका जिंकल्या, लाठ्या खाल्ल्या, काही झालं नाही. २०१४ मध्ये शहराचं नाव बेळगावी झालं. त्याच वर्षी बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' असा फलक पोलीस बंदोबस्तात पाडला. २०१२ पासून सुवर्ण विधानसौध, कर्नाटकचं बेळगावातलं विधानभवन, आमच्या डोळ्यांसमोर उभं आहे. सगळं त्यांच्या हातात असताना निदान एका पानावर तरी आम्ही आमचं म्हणणं लिहू नये काय? एक म्हातारे कार्यकर्ते मला म्हणाले, "तू म्हणालास ते बरोबर, खरं आमचं कोण लिहिणार?" आमच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. त्या एका शब्दात त्यांची सारी हयात होती.

या आक्षेपाला मी हलक्यानं घेत नाही. माझं उत्तर असं आहे की आमची सारी बाजू कागदावर उभी आहे. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली, ती आज आपल्याला ठाऊक आहे ती छापील नोंदीमुळे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तोही खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता अशा मोजून दाखवण्याच्या गोष्टींवर. जिथं लोकसंख्येत १५ टक्के किंवा अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे असतील, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांना मिळालेलं संरक्षण आहे. मराठीतून परिपत्रकं मागायला आम्ही जातो ते त्या आकड्याचा हात धरून. असं असताना आपलाच कुणी ज्ञानकोशात जनगणनेचा आकडा वाढवून ठेवतो, कन्नड शिलालेखाचं वाक्य खोडतो, पहिल्याच ओळीत 'कर्नाटकव्याप्त' लिहितो, तेव्हा तो कुणाचं काम करतो? पुणं, बंगळूर, दिल्ली इथला तिऱ्हाईत वाचक ते पान उघडतो, एक गोष्ट खोटी निघालेली पाहतो आणि त्याच पानावरच्या आमच्या खऱ्या गोष्टीही बाजूला सारतो. आमच्याजवळ सत्ता नाही, आमदार कमी झाले, पाट्या गेल्या. विश्वासार्हता तेवढी शिल्लक आहे. ती आपल्या माणसाच्या हातून गेली तर परत मिळवायला कुठलं न्यायालय नाही.

महाजन आयोगाचंच पाहा. १९६६ साली नेमलेल्या या आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं असं त्यानं म्हटलं, हे अर्धं वाक्य आपल्या बाजूचे लोक खोडतात. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही त्यानं म्हटलं, हे उरलेलं अर्धं पलीकडचे खोडतात. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, कर्नाटकाला तो हवा आहे. हे सगळं पानावर राहिलं तर अहवालाविषयी काय वाटायचं ते वाचकाचं वाचक ठरवील, आणि मला खात्री आहे की पूर्ण अहवाल वाचणाऱ्याला खानापूरचा माणूस अजून का भांडतो हे समजेल. अर्धवट वाचणाऱ्याला ते कधीच समजणार नाही. नंदगडचं नाव घेतलं म्हणून आणखी एक. १८३१ साली इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ती नंदगडला. तिथं कन्नड माणूस नतमस्तक होतो, मराठी माणूसही होतो. तिथलं पान एका बाजूचं होऊच शकत नाही. खानापूर तालुक्यातल्या हलशीचंही तसंच, कदंब राजांची दुसरी राजधानी, कन्नड-संस्कृत लेखांची जागा, आणि आजूबाजूला मराठी बोलणारी गावं. हे असं मिसळलेलं असणं हीच आमची खरी माहिती आहे. जो ते सोवळं करायला येतो, तो कुठल्याही झेंड्याखालून आला तरी माहितीच खोडायला आलेला असतो.

मग करायचं काय? मोठी यंत्रणा लागत नाही. सीमाभागाशी संबंधित पानांवर वाद झाला तर निवाडा करणारा प्रचालक या भागाबाहेरचा असावा. गावातही बांधाच्या भांडणात भाऊबंदांना पंच करत नाहीत, शेजारच्या गावातले दोन जाणते बोलावतात. कन्नड विकिपीडियावर लिहिणारा एखादा संपादक आणि मराठीवरचा एखादा, अशा दोघांनी मिळून ही पानं निरीक्षणसूचीत ठेवावीत. हे स्वप्नरंजन नाही. आमच्या तालुक्यातल्या एका पानावर कुणीतरी मराठीतून गलिच्छ मजकूर टाकला होता, मी उलटवायला गेलो तर कन्नड लिपीतल्या नावाच्या एका सदस्यानं तो माझ्या आधी उलटवला होता. आम्ही कधी भेटलो नाही. तेव्हापासून मात्र चर्चापानावर एकमेकांना विचारून बदल करतो, आणि मतभेद झाला की दोन्ही संदर्भ ठेवतो.

दर १ नोव्हेंबरच्या आसपास व्हॉट्सॲपवर संदेश फिरतात, सगळ्यांनी जाऊन अमुक पान बदला. असे संदेश पुढे पाठवणं बंद करावं. शंभर जणांनी एकच चूक करायला जाणं हाही उपद्रवच, फक्त वाटून घेतलेला. आणि चिवट माणसाशी चर्चापानावर अखंड वाद घालत बसू नये. त्याला तेच हवं असतं. एकदा संदर्भासह उत्तर द्यावं, दुसऱ्यांदा आधीच्या उत्तराकडे बोट दाखवावं, तिसऱ्यांदा इतिहासाचे दुवे जोडून प्रचालकांकडे जावं आणि आपण दुसरं पान लिहायला घ्यावं. तो उद्या सुधारून आला, दुसऱ्या विषयावर सहा महिने नीट लिहिलं, तर दार उघडावं. ज्या माणसाकडे एवढी चिकाटी आहे, तो संदर्भ शोधायला लागला तर चांगलंच काम करील, हे मी मनापासून म्हणतो.

आमच्या गावच्या पानावरचा तो माणूस शेवटी थांबला. मी उशिरा का होईना सहा महिन्यांचा इतिहास जोडून तक्रार केली, दोन्ही खात्यांना त्या पानापुरता प्रतिबंध झाला. आपल्याच लोकांत मला थोडं ऐकून घ्यावं लागलं. संदर्भाविनाच्या त्या आठ ओळी निघाल्या. तळ्याचा परिच्छेद मात्र मी अजून परत घातलेला नाही. पानाच्या इतिहासात तो जसाच्या तसा आहे, सांडव्यासकट, जत्रेसकट, शिलालेखाच्या वाक्यासकट, तिच्या खात्याच्या नावानं. मी एका टिचकीत तो आणू शकतो. पण तो तिनं आणावा असं मला वाटतं. ती आता बंगळूरला नोकरी करते, गणपतीला गावी येते. या वेळी आली की तिच्या घरी जाणार आहे.